जनान्याचा पडदा

आमच्या गावच्या टॉकीजमध्ये बायकांची जागा एका बाजूला होती, आणि तिच्यापुढे जाड कापडाचा पडदा. दिवे मालवले की दारावरचा म्हातारा तो सरकवायचा, आणि दिवे लागायच्या आत पुन्हा ओढायचा. निजाम गेला तरी रिवाज राहिला होता. त्यामुळे अंधारात आम्हाला सिनेमा दिसायचा आणि सिनेमाच्या उजेडात पुरुषांचे चेहरेही. आमच्या आयांना हे कधी सुचलं नाही, एवढं बरं.

हैदराबाद राज्य मोडून त्याची वाटणी होणार होती, आणि आमचं गाव तेलुगू मुलखात जाणार होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. अक्काचा साखरपुडा झालेला. मुलगा आमच्याच तहसील कचेरीत कारकून, घर बासरच्या पलीकडे, मराठवाड्यात. कचेरीतल्या माणसांचीही वाटणी चालली होती. हा मराठी, म्हणजे तिकडे जाणार हे सगळे धरून चालले होते. तेवढ्यात त्याच्या वडिलांचा निरोप आला, "तुमचा मुलूख आता परका झाला. परक्या मुलखातली पोरगी काऊन करायची?"

आईनं जेवण सोडलं. अक्का मात्र म्हणाली, "तुमी घोर करू नका. ते बापाच्या तोंडावर सांगतीन, करीन त हिच्याशीच."

त्याच आठवड्यात मामी आम्हा दोघींना सिनेमाला घेऊन गेली. तोही आला होता, कचेरीतल्या मित्रांबरोबर.

सिनेमातला राजपुत्र वेश बदलून मोटारी दुरुस्त करतो आणि फुलं विकणाऱ्या पोरीवर त्याचा जीव जडतो. आटपाट नगरातलीच गोष्ट, नुसती मोटार नवी! मला असल्या गोष्टींचा तेव्हाही राग यायचा. पण दोघांची कामं बघून मी गप्प बसले. ती बाई गजरा ओवताना त्याच्याकडे बघायचीच नाही. तो खोटं बोलला की फक्त तिचा हात थांबायचा. आणि तो, नाचायला लाकूड, पण गप्प उभं राहावं त्यानंच. शेवटी राजा विचारतो, गादी पाहिजे की ती पोरगी? तो बोटातली अंगठी काढून मेजावर ठेवतो आणि निघून जातो.

शिट्ट्यांनी टॉकीज दणाणलं. अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं. पुरुषांच्या बाजूला आमचा होणारा जावई ओक्साबोक्शी रडत होता, रुमालही न काढता.

घरी येऊन अक्कानं आईला सांगितलं, "झालं. मी डोळ्यानं पाह्यलं." तिनं लग्नाचं पोलकं शिवायला काढलं. मलाही खरंच वाटलं.

पोलक्याच्या बाह्या लागायच्या होत्या तेव्हा त्याचे काका आले आणि साखरपुड्यात आम्ही दिलेला पोशाख ओसरीवर ठेवून गेले. तो आधीच बदलीच्या गावी निघून गेला होता. बापापुढे त्यानं तोंडसुद्धा उघडलं नाही, असं काकाच म्हणाले.

मी भडकले. म्हटलं, "त्या सिनेमातल्यापेक्षा हाच मोठा नट निघाला मेला!"

अक्का पोलक्याची शिवण उसवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाटक नवतं ते. ते खरंच रडून राह्यले होते. खोटं रडले असते त मी कवाच विसरली असती."