एकच गोधडी, दोन गिऱ्हाइकं

माझी आत्या बाभुळगावला राहते. तिच्या गल्लीतल्या सात-आठ बाया दुपारी बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून गोधड्या शिवायच्या. कापसाची ती वर्षं फार वाईट होती. वेचणी संपली की बायांच्या हाताला काम नसे, आणि वेचलेल्या कापसालाही कुणी धड विचारत नसे. गावात शहरातल्या गाड्या यायच्या, कॅमेरेवाले यायचे. कर्जापायी कोणत्या घरातला माणूस गेला तेवढं विचारून निघून जायचे. ओट्यावर पसरलेल्या गोधड्या ओलांडून जायचे, पण खाली बघायचे नाहीत.

मी यवतमाळला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. त्यामुळे आत्यानं परस्पर ठरवून टाकलं.

"तू पोरायले शिकवतं ना ते? मंग आमाले एक दुकान उघडून दे त्याच्यात."

दुकान उघडणं म्हणजे वेबसाइट करणं मला जमण्यासारखं होतं. गोधड्यांचे फोटो काढले, पान तयार केलं. घोडं अडलं ते पुढं. गिऱ्हाइकानं गोधडी पसंत करायची, पत्ता टाकायचा, पैसे कसे देणार ते सांगायचं आणि ऑर्डर आमच्याकडे यायची, हे सगळं करणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं. त्याला शॉपिंग कार्ट म्हणतात. ते निवडण्यात माझा सगळा उन्हाळा गेला.

एक कार्ट भाड्यानं मिळत होती. दिसायला देखणी, पण भाडं परदेशात भरायचं आणि आमच्या बँकेचं कार्ड तिथं चालेना. शिवाय ती प्रत्येक वस्तूचे आकार आणि रंग मागायची. मोठी, मध्यम, लहान. लाल, निळी, हिरवी. आमची प्रत्येक गोधडी निराळी. कुणाच्या जुन्या लुगड्याची, कुणाच्या सासऱ्याच्या धोतराची. तसली दुसरी जगात नाही. हे त्या कार्टला समजावून सांगायची सोयच नव्हती.

दुसरी कार्ट फुकट होती. फक्त ती आपली आपण बसवायची. बसवली तर पत्त्याच्या जागी अमेरिकेतली राज्यं दिसायला लागली. ती काढून महाराष्ट्र आणला. कार्डानं पैसे घ्यायची सोय काढली आणि तिथं लिहिलं, 'पोस्टमनकडे पैसे द्या.' व्हीपीनं पार्सल सोडवणं लोकांना ठाऊक होतं. आत्यालाही ते पटलं. "पाह्यल्याबिगर पैसे कोन देते?" ती म्हणाली.

तेवढ्यात तिसरी वाट निघाली. मोठ्या शहरातल्या एका संस्थेनं हातच्या वस्तू विकणारी साइट काढली होती. त्यांनी निरोप पाठवला की आमची कार्ट वापरा, खर्च काही नाही, पार्सल नेणंही आमच्याकडे. अट एकच, माल दुसरीकडे विकायचा नाही. त्यांचा माणूस शनिवारी येणार होता. त्याच दिवशी त्याला होय किंवा नाही हवं होतं, कारण तिथून त्याला मारेगाव गाठायचं होतं.

आत्या म्हणाली, "पाहू. पन तुह्यंवालं चालू राह्यलं त मी त्याले नाही म्हनतो. नाही चाललं त हो म्हनतो."

म्हणजे भार सगळा माझ्यावर.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन सकाळीच बाभुळगावला पोचले. इंटरनेटचा डोंगल विहाराच्या खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधला, तिथंच रेंज यायची. दुपारी वीज जाणार हे ठरलेलं होतं आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली होती. नवरा यवतमाळला त्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरसमोर बसला होता. आम्ही एकच गोधडी एकाच वेळी विकत घेऊन बघणार होतो. कार्टनं ती एकालाच द्यायला हवी.

मी फोन लावेपर्यंत जीप आलीच. तो माणूस आणि एक फोटोग्राफर उतरले. माणूस सभ्य होता, चपला काढून ओट्यावर बसला. बायांनी शिवणं थांबवलं नाही.

"घेतली का?" मी फोनवर हळूच विचारलं.

"घेतली," नवरा म्हणाला. "आभारी आहोत म्हणून आलं."

माझ्याही पडद्यावर तेच आलं होतं. एक गोधडी, दोन गिऱ्हाइकं आणि दोघांचे आभार. उद्या खरंच असं झालं, तर एकाला पार्सल जाणार आणि दुसऱ्याला काय पाठवणार? तशी दुसरी शिवायची म्हटली तर ते लुगडं कुठून आणणार?

त्या माणसानं वाकून पडद्याकडं पाहिलं. "असं होतं, ताई," तो म्हणाला. "हे एकट्यादुकट्याचं काम नाही. आमच्याकडे चार माणसं फक्त कार्ट सांभाळतात." तो हिणवत नव्हता, खरं तेच सांगत होता. त्याचंच मला जास्त लागलं.

मग तो आत्याकडं वळला. त्यांच्या साइटवर प्रत्येक वस्तूबरोबर शिवणाऱ्या बाईची कहाणी असते, असं त्यानं समजावलं. लोक कहाणी वाचून विकत घेतात. "तुमच्यापैकी कुणाच्या घरी..." एवढं बोलून तो थांबला. सगळ्यांचे डोळे आत्याशेजारी बसलेल्या बाईकडं गेले. तिला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"यांचा फोटो हवा," तो म्हणाला. "मांडीवर गोधडी आणि हातात त्यांच्या मिस्टरांची तसबीर. बाकी काही लागणार नाही."

फोटोग्राफरनं कॅमेरा काढला. वहिनीची सुई चालूच होती.

मी कार्टच्या आतल्या पानांवर पानं उघडत होते. वीज गेली. बॅटरीचा आकडा भराभर उतरू लागला. शिल्लक माल कधी कमी करायचा हे कुठंतरी लिहिलेलं असणार, पण कुठं? फोनवर नवरा विचारत होता, "सापडलं का?" आत्या माझ्याजवळ सरकली.

"तुह्यं होते का नाही, एवढं सांग."

"थांब ना आत्या, पाहून राह्यली मी."

"वहिनी, तसबीर आणता का घरून?" त्या माणसानं विचारलं.

वहिनीनं दोरा दातानं तोडला. सुई कापडात खोचून ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं.

"मी गोधडी इकून राह्यली, भाऊ. माहा मानूस नाही इकून राह्यली."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. त्या माणसाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "तसा माझा हेतू नव्हता." आणि खरंच नसावा.

मला मात्र त्या क्षणी भीतीच वाटली. आता त्यांना होय म्हणता येणार नव्हतं आणि माझी कार्ट तर नापास झालेली. आत्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड लागत होता.

शेवटी ते पान सापडलं. कार्ट पैसे मिळाल्यावरच वस्तू शिलकीतून वजा करत होती. आमचे पैसे पोस्टमनकडून यायचे, म्हणजे पार्सल पोचेपर्यंत ती गोधडी दुकानात दिसतच राहणार. मी तिथं 'ऑर्डर येताच वजा करा' असं निवडलं, जतन केलं आणि नवऱ्याला म्हटलं, "आता दुसरी घे. आधी मी घेते, मग तू."

माझी ऑर्डर गेली. रेंज एका काडीवर आली होती. तिकडून काही आवाज येईना.

"आहेस का?"

"आहे. थांब, फिरतंय अजून." मग तो एकदम ओरडला, "नाही मिळाली! लाल अक्षरात आलं, शिल्लक नाही!"

फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. बायांना लाल अक्षरं म्हणजे काय ते कळलं नाही, पण माझा चेहरा कळला. आत्यानं त्या माणसाला हात जोडले. "तुमी आले, बरं वाटलं. पन आमचं आमी पाहू." त्यानं समोर ठेवलेला चहा पूर्ण प्यायला आणि निघताना तो स्वतःचा पत्ता देऊन गेला. जीप वळते न वळते तोच लॅपटॉप बंद पडला.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. पावसाळाभर एकही ऑर्डर आली नाही. मी रोज क्लासमधून कार्ट उघडून पाहायची आणि आत्याचा फोन आला की उचलायला जीव धजत नसे. दिवाळीच्या आधी पहिली ऑर्डर आली, नाशिकहून. वहिनीनंच शिवलेली गोधडी होती. पार्सल बांधताना तिनं टाके पुन्हा तपासले, एका कोपऱ्यात दोन टाके जास्तीचे घातले. मग थंडीभर ऑर्डरी येत राहिल्या. फार नाही, पण ओटा रिकामा राहिला नाही.

वहिनीची धाकटी जाऊ मात्र गटातून निघून गेली. त्या शनिवारी तीही ओट्यावर होती. नंतर तिनं आत्याला दारात उभं राहून सुनावलं, "तुमाले मान पाह्यजे, मले काम पाह्यजे. सहा महिने घरी बसाले लावलं तुमी आमाले." तिनं त्या माणसाचा पत्ता मिळवला आणि त्यांच्या साइटवर तिच्या गोधड्या लागल्या. सोबत तिचा फोटो होता आणि गेलेल्या थोरल्या दिराबद्दल, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याबद्दल, चार ओळी. तिचा माल आमच्यापेक्षा जास्त खपला.

वहिनीनं तो फोटो माझ्याच लॅपटॉपवर पाहिला. मला वाटलं ती चिडेल. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "लुगडं चांगलं नेसली वो ते." मग तिनं सुईत नवा दोरा ओवला. तिच्या आणि जावेच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि वाळत घातलेल्या गोधड्या त्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी असतात.