बंद कारखान्याचा मालक

ती संध्याकाळ काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. लाटंबार्शे गावातल्या आमच्या घरासमोर आम्ही नवरा-बायको काजूच्या बिया गोणीत भरत होतो. मी ओतायचो, ती गोणीचं तोंड धरायची. मध्येच दम लागून ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, "त्या गोणीचोराच्या बायलेन घाई केली हो. तशी घाई तुमी करू नकात."

ती कुठल्या केसबद्दल बोलते ते मला कळलं.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, हवालदार होऊन निवृत्त झालो. त्या केसच्या वेळी पेडण्याच्या बाजूला नेमणूक होती. तिथे सिमेंटच्या पत्र्यांचा एक कारखाना बंद पडला होता. पत्र्यांत ॲस्बेस्टॉसची पांढरी भुकटी घालत. तिच्या रिकाम्या गोण्या झटकायचं काम माझ्या बायकोने लग्नाआधी केलेलं. डॉक्टर तिला दमा आहे म्हणत. ती म्हणायची, दमा नव्हे, गोण्या.

खबर चहावाल्याने दिली : बंद कारखान्यातून कोणीतरी गोणी उचलतो. आम्ही दबा धरला आणि एका म्हाताऱ्याला पकडलं. तिथलाच जुना कामगार, नुसती हाडं. गोणीत भंगार नव्हतं, ती भुकटी होती.

ठाण्यात मी दरडावलं, "ही घाण कशाला चोरतोस रे?"

"पुरावो म्हणान. माझ्या छातीत हीच गेली हा. भरपाई मागतंय तर म्हणतत, कारखानो बुडालो, मालक कोण नाय." मग दात काढून म्हणाला, "मालकच नाय तर हवालदारानू, मी चोरी कोणाची केलंय?"

प्रश्न चोख होता. पण माल कोणाचा हे फिर्यादीत लागतंच. कारखान्याच्या रखवालदाराकडून निरोप धाडला, माल ज्याचा असेल त्याने यावं. दुसऱ्याच दिवशी मोटारीतून एक शेट उतरले. लेबर ऑफिसात वर्षानुवर्षं 'माझा काही संबंध नाही' म्हणणारे ते हेच. बाकावरच्या आरोपीने लगेच ओळखलं.

"माल कोणाचा?" मी विचारलं.

"माझा."

"आणि जागा, मशिनं?"

"सगळं माझंच. चोराला सोडू नका."

"मग मालक म्हणून सही करा."

केली. बाकावरचा म्हातारा हसता हसता खोकून बेजार झाला. "शेटानू, जिवंत झालात! देव बरे करो!"

देण्याच्या वेळी मेलेली माणसं घेण्याच्या वेळी उठून बसतात, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं.

मालक सापडला, म्हणून भरपाईची सुनावणी लागली. तिच्याआधीच म्हातारा गेला. घरच्यांनी रीतीप्रमाणे दुपारच्या आत जाळला. शेटच्या वकिलाने विचारलं, आजार भुकटीचाच कशावरून? विड्या ओढायचा. इस्पितळाने क्षय लिहिलेला. छाती उघडून बघावी, तर छातीची राख झालेली. त्याच्या बायकोला दमडी मिळाली नाही. हे मी घरी सांगितलं तेव्हा माझी बायको भाकरी थापत होती.

मालक शोधला म्हणजे तपास झाला, असं मी तेव्हा समजत होतो. त्या केसने शिकवलं की गरिबाचा पुरावा त्याच्या छातीत असतो. तो जळाला की शेट सुटला.

बिया भरल्या त्याच रात्री बायको झोपेतच गेली.

सकाळी अंगणात लाकडं येऊन पडली, बांबू आले. मी मोठ्या इस्पितळात फोन लावून शवविच्छेदनाचं बोललो. माझा थोरला भाऊ अंगावर आला.

"शिरा पडो तुझ्या पोलिसगिरीक! मेलेल्या बायलेक कापतलंस?"

"होय. तिनाच सांगल्यान."

लाकडं एका बाजूला रचायला लावली. गाडी आली. प्रेत शवविच्छेदनाला जातं तेव्हा सोबत एक पोलीस द्यायचा असतो. नोकरीत असा मी किती जणांबरोबर गेलो. त्या सकाळीही मीच गेलो.