आधी कोपर दाखवा!

आमची उरणजवळच्या द्रोणागिरीची हवा भारी दमट. तिकिटं एकावर एक ठेवली की चिकटून बसतात. किस्स्यांचंही तसंच. एक उचलावा तर मागून दुसरा निघतो, दुसऱ्याला चिकटून तिसरा. शेजारणी म्हणतात, लिहून काढ. मी सातवी शिकलेली. पण हे सगळे किस्से संशयाचे आहेत, आणि संशय घ्यायला कुठे कॉलेज लागतं!

तिकिटं म्हणजे पोस्टाची असं मलाही लग्नाआधी वाटायचं. आमच्याकडची खासगी आहेत. पूर्वी टेम्पोवाले, लाँचवाले, एसटीच्या टपावर गाठोडी टाकणारे लोक पत्रं-पार्सलं पोचवायचे आणि त्यावर आपापली छापलेली तिकिटं डकवायचे. ते धंदे बंद पडले. आता ती तिकिटं आणि पाकिटं जमवणारे तिघे दर रविवारी माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसतात.

एक आमचे हे, नवी मुंबईत पावणे गावी कुरियरच्या गोडाऊनमध्ये कामाला. दुसरे कांबळेसाहेब, सरकारी ऑफिसात क्लार्क, खिशात कायम भिंग. तिसरे उरणचे म्हात्रेकाका, बंदरातून रिटायर. तिघे जिवलग मित्र. तरी अल्बम उघडला की एकजणही लघवीलासुद्धा उठत नाही! मागे दोघं उरतात ना!

*

कोपराचा नियम कांबळेसाहेबांमुळे निघाला.

एकदा उन्हाळ्यात ते घामाघूम होऊन आमच्या टेबलावर हात टेकून बसले होते. संध्याकाळी घरी निघाले, बसमध्ये चढले, दांडा धरला. कंडक्टर म्हणाला, "काका, तिकीट काढलंत की हातालाच चिकटवून आलात?"

बघतात तर कोपराच्या खाली आमच्या ह्यांचं एक टेम्पो सर्व्हिसचं तिकीट! बिचारे पुढच्याच स्टॉपला उतरून परत आले. दारातच हात जोडून उभे. हे म्हणाले, "अहो, तुमच्यावर कोण संशय घेणार?" आणि म्हणता म्हणता दुसरा हातही उलटून बघितला!

तेव्हापासून आमच्या घरातून निघताना सगळ्यांनी कोपरं दाखवायची. माझा भाऊ भाऊबीजेला आला होता, त्याचीही सुटका नाही. तो म्हणाला, "ताई, ओवाळणी टाकून निघालोय मी, चोरी करून नाही!" मी म्हटलं, "दाखव आणि जा बाबा."

आमची लेक परी तेव्हा नुकती उभी राहायला लागलेली. तिने 'टाटा'च्या आधी हे शिकून घेतलं. कोणी चपला घातल्या की ही दोन्ही कोपरं वर करते. सोसायटीत सगळ्यांना कौतुक. मला मात्र धास्ती, उद्या बालवाडीत काय म्हणतील?

*

लाँचचं तिकीट मिळालं तो दिवस मी विसरणार नाही.

उरणच्या मोरा बंदरातून मुंबईत भाऊच्या धक्क्याला लाँचने पार्सलं नेणारा एकजण होता म्हणे. त्याच्या तिकिटावर छोटीशी निळी लाँच. ह्या तिघांच्या माहितीत एकच उरलेलं, तेही म्हात्रेकाकांकडे. काका ते असं दाखवायचे, जसा काही देव्हाऱ्यातला टाक! मग कळलं की उरणकडच्या एका गावात एका आजींकडे तसलं पाकीट आहे.

हे म्हणाले, "तू आणि परी चला. लेकरू बघितलं की लोक घरात घेतात." माझं पोर म्हणजे ह्यांचा गेटपास!

आजी उंबऱ्यातच उभ्या. "जुने कागद पायजेत?" त्यांनी आम्हाला वरून खाली बघितलं. "साडेबारा टक्क्याचे प्लॉटवाले हाव ना तुमी? लबारांनो!"

त्यांचंही बरोबर. जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या प्लॉटच्या कागदांसाठी त्या गावात एजंट घिरट्या घालत असतात. ह्यांनी शपथा घेतल्या. आजी म्हणाल्या, "मंग पोरीला माजे मांडीवर दे. पेटी उघरा, काय बगायचं ते बगा. जमिनीचे कागदाला हात लावशील त पोर परत मिलनार नाय!"

आणि ह्यांनी दिलं हो! एका पाकिटासाठी पोटची पोर गहाण! हे आरामात पेटी उपसतायत. मी ओरडले, "अहो, लवकर!" तर म्हणतात, "जरा थांब, खाली अजून आहे."

शेवटी पाकीट सापडलं. आजी हळद कुटता कुटता उठून दारात आल्या होत्या, त्याच हाताने त्यांनी पाकीट तपासून दिलं. लाँचच्या तिकिटावर कोपऱ्यात पिवळा ठसा उमटला. परीला हातात घेईपर्यंत मला रडू आलं होतं. आजी म्हणाल्या, "ररतेस कनाला? आमची पोरं आमी अशी देत नाय कोनाला."

घरी आल्यावर म्हात्रेकाकांनी पाकीट उन्हात धरून बघितलं. "खरं हाय," एवढंच बोलले. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

*

काकांची तिकिटं पारखायची पद्धत वेगळीच. कांबळेसाहेब भिंग लावतात, काका चाटतात!

एकदा कोणीतरी जुनी म्हणून तिकिटांची चळत विकायला आणली. कांबळेसाहेब म्हणाले, छपाई बरोबर आहे. काकांनी मागची बाजू जिभेला लावली आणि थुंकले. "नकली! जुन्या डिंकाला गोरूस, गुलासारखी चव येते. ह्यो दुकानातला गोंद हाय!"

विकणारा गेला, पण परीने ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती चाटत सुटली. लादी चाटली, मोबाईल चाटला, शेजारच्यांचा दरवाजा चाटला. ते जुने कागद कुठल्या माळ्यावर, कुठल्या उंदरांत पडलेले, देव जाणे! मी काकांना हात जोडले, "पोरीसमोर चाटत जाऊ नका."

काका म्हणाले, "काय नाय होत गो. मी पन्नास वर्सं चाटतंय."

*

आणि मग तो रविवार.

हवेने डिंक सुटून लाँचचं तिकीट पाकिटावरून निघालं होतं. ते पुन्हा जागेवर कसं बसवायचं ह्यावर तिघांची चर्चा. पंखा बंद. तिकीट टेबलाच्या कडेला बशीत. परी टेबलाखाली. मी चहा गाळून बाहेर आले, तर बशी रिकामी!

"कोपर!" कांबळेसाहेब ओरडले. सगळ्यांची कोपरं स्वच्छ. चपलांचे तळ बघितले, अल्बम झटकला. काही नाही. मग तिघांनी एकदमच खाली बघितलं.

परी तोंड हलवत होती.

मी बोट घालून बघितलं, तोंडात काही नाही. जुनी शाई, विषारी असली तर? मी पोरीला घेऊन तशीच धावले. डॉक्टर हसले. "कागदच आहे. गेला असेल तर आपोआप बाहेर पडेल. लक्ष ठेवा."

मागून कांबळेसाहेबांचा आवाज, "डॉक्टर, शाई टिकेल का?"

माझ्या जिवाचं पाणी झालेलं, आणि कांबळेसाहेबांचे फोन सुरू. "वहिनी, सकाळी शी झाली का? नीट बघितलंत?" शेवटी मी म्हटलं, "साहेब, समजा मिळालं. खरं की नकली, चाटून कोण बघणार?"

फोन बंद झाले. पण मला झोप नाही. काहीच बाहेर पडलं नव्हतं. दिवसभर मी तिचं पोट दाबून बघायची, कपाळाला हात लावून बघायची. कांबळेसाहेब ह्यांच्या कानाला लागले, "आता लाँच फक्त काकांकडेच उरली, बरं का." हे चिडले, पण त्या रविवारी काकांना फोन केला नाही. काका मात्र आपणहून आले, परीला पेढे घेऊन. पेढे! कसल्या आनंदाचे? मी घेतले, पण तिला भरवले नाहीत.

*

गौरीच्या जेवणाला म्हात्रेकाकींनी उरणला बोलावलं. जायचं की नाही ह्यावर घरात भांडण झालं. शेवटी गेलो, कांबळेसाहेबही आले.

जेवणं झाली. काकी हौसेने काकांचा अल्बम घेऊन आल्या. "यो बग गो, यांचा खजिना." पान उलटलं. निळी लाँच. आणि तिच्या शेजारी दुसरी निळी लाँच. कोपऱ्यात पिवळा ठसा.

ह्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मला मात्र एवढं मोकळं वाटलं, की मी परीला उचलून तिचे मुकेच घेतले. गिळलं नव्हतं माझ्या बाळानं!

काकी भोळेपणाने म्हणाल्या, "दुसरं परीनं दिलंय ना यांना. मना बोलले हे."

कांबळेसाहेबांनी भिंग काढलं आणि ते तिकिटाऐवजी काकांच्या तोंडावर धरलं. "परीनं दिलं?"

"तिनंच दिलंय," काका पानाला चुना लावत म्हणाले. मान वर केली नाही. "इचारा तिला."

आम्ही सगळे परीकडे वळलो.

परीने आमच्याकडे बघितलं, आणि दोन्ही कोपरं वर करून दाखवली.