धाकट्या साडूंची रोषणाई

परवा मोबाईलच्या चार्जरला जळका वास आला आणि गडमुडशिंगीच्या सासरवाडीतली गणपतीची आरास आठवली. धाकट्या साडूंनी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी चिप, लावून हळूहळू उजळणारी, मावळणारी दिव्यांची माळ केली होती. दिवे मंदच होते, तरी घरभर त्यांचं कौतुक चाललं होतं आणि माझ्या घशाखाली मोदक उतरत नव्हता. तेवढ्यात असाच वास सुटला. मी पुढे होऊन सांगितलं, कंट्रोलरची पिन देते ३.३ व्होल्ट, माळेला वीज सोडणाऱ्या या पॉवर ट्रान्झिस्टरला पूर्ण चालू व्हायला दहा लागतात. अर्धवट चालू राहिला की तो तापणारच. माळ बंद करून, त्याला पूर्ण दहा व्होल्ट मिळावेत म्हणून, मी मध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर जोडायला बसलो. “थोरलं पावणं, इझवलंच की तुमी!” सासरे म्हणाले, सगळे हसले. माझ्या जोडणीने सिग्नल उलटा होतो, बंद म्हटलं की दिवे लागतात, म्हणून प्रोग्रॅममध्येही तेवढं उलटं करायला मी साडूंना सांगितलं. त्यांनी लॅपटॉपवर एक ओळ बदलली आणि माळ पहिल्यांदाच लख्ख उजळली. “बोट लावलं की लागलं बगा! लई हुशार हाय आमचं धाकटं पावणं,” म्हणत सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मामा, हे तर थोरल्या साडूंनी केलंय,” धाकटे साडू प्रामाणिकपणे म्हणाले. “व्हय, त्येंनीबी मदत केली की!” बायको अजून म्हणते, “अहो, बाबांना ट्रान्झिस्टरमधलं काय कळतंय?” खरं आहे. पण हात कुणाच्या खांद्यावर होता, ते मला कळत होतं.