कपाटावरची बेल

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की अल्लीपूरच्या घरातलं कपाट आठवतं. शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस उडून आत जायचा, म्हणून बाबांनी कॉम्प्युटरचा सीपीयू कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. पण तो सुरू करायला आईला वाकवत नसे. एका पिवळ्या, सुस्त दुपारी बाबांनी त्याच्या बटणाच्या तारा बाहेर ओढल्या आणि कपाटावर दारावरच्या बेलचं जुनं बटण त्यांना सोल्डर करून बसवलं. आईनं ते दाबलं, पदर सारखा केला आणि मागे सरून उभी राहिली. "काऊन वं मागं सरली?" बाबा हसले. "बेल वाजवून कोणी दाराले चिकटून उभं राह्यते का?" आई म्हणाली. आत पंखा घुमला, आणि हळूहळू पडद्यावर व्हिडिओ कॉलवरचा, परदेशातला दादा उजळला. त्याच्या घरी जाणं आईला कधी जमलंच नाही. परवा मी गेले, बेल दाबली आणि नकळत पदर नसलेला खांदा सावरत मागे सरले.