हुल्डाने न बसवलेली मान

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांमधल्या एका गावात हुल्डा केटलसन आखडलेल्या माना मोकळ्या करायची. डेव्हनपोर्ट शहरात जाऊन ती कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके बसवायची विद्या, शिकून आली होती. गवताचे भारे फेकून मान धरलेले शेतकरी तिच्या बाकावर पालथे पडत. ती मणके चाचपून नेमका झटका देई. गावचा डॉक्टर प्रिचेट मात्र तिला चारचौघांत 'कोंबड्या पिरगाळणारी' म्हणे.

१९१६ च्या हिवाळ्यात तिच्यावर खटला झाला : परवान्याशिवाय डॉक्टरकी. तक्रारीवर सही होती शेजारच्या लव्हिना स्टोलची. दोन वर्षं दर शनिवारी हुल्डाकडून मान चोळून घेणारी हीच लव्हिना! न्यायाधीश म्हणाले, "दंड भरा, नाहीतर दहा दिवस आत."

"गुन्हाच केला नाही, तर दंड कसला?" म्हणून हुल्डा तुरुंगात गेली.

चौथ्या दिवशी लव्हिना मान वाकडी धरून तिला भेटायला कोठडीत आली.

"प्रिचेटच्या गोळ्यांनी काही होत नाही गं. झोप उडालीय. एकदाच हात लाव."

"सही करताना हात दुखला नाही वाटतं?"

"डॉक्टरांनी सांगितलं, मी केली. आता किती टोचून बोलशील?"

हुल्डाने दात-ओठ खात तिची मान चाचपली. कडेला सुपारीएवढी टणक गाठ लागली. "माझा हात दाब," ती म्हणाली. लव्हिनाच्या डाव्या हातात जोरच नव्हता. हुल्डाने हात काढून घेतला.

"आत गाठ आहे. हे माझं काम नव्हे. शहरातल्या मोठ्या सर्जनकडे जा. आजच."

"सूड उगवतेस होय!"

"सूड उगवायचा असता ना भवाने, तर आत्ता एक झटका देऊन तुला लुळी केली असती. चालती हो!"

लव्हिना शिव्या देत गेली. 'तुरुंगात बसून हुल्डाने तिला शाप दिला' असं गावभर झालं. पण भीतीने का होईना, ती नवऱ्याबरोबर शहरात गेली आणि गाठ काढून आली.

वसंतात ती गळ्याला रुमाल बांधून चर्चमध्ये आली. हुल्डा दिसताच उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. "हिच्या झटक्यांनीच गाठ झाली म्हणे," ती शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

हुल्डाने ते ऐकलं. प्रार्थना संपायच्या आत ती बाहेर पडली आणि त्याच आठवड्यात तिने आपला माना बसवायचा बाक गाडीवर चढवून गाव सोडलं.