ब्रेकची खूण

आमचे दाजी मोटरसायकलच्या सीट शिवतात. गल्लीच्या तोंडाशी एका शटरचं दुकान, त्यात जाड सुईची मशीन, फोमचे तुकडे, रेक्झिनचे गुंडाळे आणि चिकटवायच्या सोल्युशनचा असा वास की गिऱ्हाईक आपणहून बाहेर जाऊन उभं राहतं. दुसऱ्यांच्या बुडाची सोय बघण्यात या माणसाची उभी हयात गेली, पण स्वतः कधी गाडी चालवली नाही. बसायचे मात्र रोज. सीट बसवली की टांग टाकायची, दोनदा उठबस करायची, हँडल धरून जरा डुलायचं आणि म्हणायचं, "न्या." मी टेम्पो चालवतो आणि ताईचा धाकटा भाऊ आहे, म्हणजे दाजींची टिंगल करायचा परवाना मला त्यांच्या लग्नातच मिळाला. दुकानासमोरून जाताना मी ओरडायचो, "काय दाजी, पोचलात का?" तेही हसायचे.

हे सगळं भाचा होता तोवरचं.

भाचा गेला शहराबाहेरच्या एका डाव्या वळणावर. सकाळची वेळ, कोरडा रस्ता, समोरून कोणी नाही. रस्ता डावीकडे वळला आणि हा सरळ गेला, पलीकडच्या दगडी कठड्यावर. मला आणि दाजींना तिथे नेलं होतं. पंचनामा करणारा हवालदार वाईट माणूस नव्हता, पण त्याला बोलायचं भान नव्हतं. रस्त्याकडे बोट करून म्हणाला, "ब्रेकची खूण कुठेच नाही बघा. बाण सोडावा तशी गेलीय गाडी. घरी काही झालं होतं का?"

दाजी म्हणाले, "नाही."

झालं होतं. ते मला त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं, अर्धं शटर ओढून, मशीनच्या चाकावर हात ठेवून. पोराने आणखी एक नोकरी सोडली होती. दाजींची तार सटकली. ते म्हणाले, "तुझं तोंड बघायची इच्छा नाही माझी. जा, जायचं तिकडे जा." पोरगा हेल्मेट उचलून निघाला. ताई तेव्हा कामावर होती, इस्पितळाच्या धुलाईखान्यात. तिला हे भांडण माहीत नाही. असं बाप रोज घरोघर बोलतात आणि पोरं संध्याकाळी जेवायला येतात. हा आला नाही.

"त्याने ब्रेक मारला नाही रे," दाजी म्हणायचे. दुसरं काही नाही. मी समजूत घालायला जायचो, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं: पोराने जीव दिला, आणि तो माझ्या शब्दावर दिला. माणूस हसेनासा झाला. सीटवर बसून बघणंही बंद केलं. गिऱ्हाईकाला म्हणायचे, "तुम्हीच बसा."

मग एक बाई सीट शिवायला घेऊन आली. लोकांना ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणारी. पूर्वी शर्यतीत पळायची, पडून एक मनगट कायमचं आखडलेलं. बोलायला फटकळ, म्हणून मी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. दाजींनी माप घेता घेता खाली मानेनेच विचारलं, "मॅडम, माणूस वळणावर सरळ जातो, ब्रेकही मारत नाही. असं कधी होतं का?"

"नेहमी होतं, काका," ती म्हणाली. "नवीन माणसाला वळणाच्या बाहेरच्या भिंतीची भीती वाटते. भीती वाटते तिकडे तो बघतो, आणि बघतो तिकडे गाडी जाते. हात लाकडासारखे होतात. ब्रेक पायाखाली असतो, पण आठवत नाही."

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला असता. दाजी मला म्हणाले, "ती गिऱ्हाईक आहे. माझं तोंड बघून बोलली असेल. मला स्वतःला कळलं पाहिजे."

आणि पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस गाडी शिकायला लागला. गल्लीत लोक म्हातारचळ म्हणून हसले. ताई हसली नाही आणि नकोही म्हणाली नाही; म्हणाली, "शिका, बसच्या रांगेत उभं राहायला नको." मैदानात मागची सीट धरून त्यांच्या मागे मी पळायचो. लायसन्स निघालं, रोज दुकानाला गाडीवर जायला लागले, आणि पावसाळा सरल्यावर मास्तरणीच्या नवशिक्यांच्या तुकडीत त्यांनी नाव घातलं. मी खूप वाद घातला. शेवटी वैतागून म्हणालो, "पडायचंच आहे ना? मग मैदानात पाडतो तुम्हाला, फुकटात."

ते म्हणाले, "मुद्दाम पडून काय कळणार? न पडायचा सगळा प्रयत्न करून पडलो, तरच खरं."

मी टेम्पोत डिझेल भरलं.

ट्रॅक म्हणजे माळावर टाकलेली डांबराची एक वेडीवाकडी पट्टी. वळणांच्या बाहेर खडीचा पट्टा आणि त्यामागे जुन्या टायरांची भिंत. तुकडीत सगळी विशी-पंचविशीची पोरं, त्यात आमचे दाजी. भाड्याचा चामड्याचा सूट पोटावर लागेना आणि गुडघ्यात ढगळ. मी म्हणालो, "दाजी, जन्मभर लोकांना मापात कव्हर शिवलंत, आणि तुमचंच बघा." ते हसले नाहीत. गाड्यांच्या आरशांना आणि वेगाच्या काट्याला चिकटपट्टी लावायला सांगितलं होतं. तिथली रीतच ती: मागचं बघायचं नाही, वेग बघायचा नाही, फक्त पुढे बघायचं. दाजींनी पट्टी लावली, तिच्या कडा अंगठ्याने दाबून बसवल्या, जसं ते रेक्झिन बसवतात.

मास्तरणीने फळ्यावर एक वळण काढलं. "ब्रेक गाडी सरळ असतानाच. आत शिरल्यावर नाही. डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकला." मला हसू आलं, डावीकडे जायला डावं हँडल पुढे? पण गाडी वळते तशीच, मी नंतर पाहिलं. "अंग आतल्या बाजूला झुकवा, वजन बाहेरच्या पायावर. आणि सगळ्यात मोठं: हनुवटी वळवा. वळण जिथे संपतं तिथे बघा, समोरच्या भिंतीकडे नाही. भिंत तुम्हाला हाका मारेल. मारू द्या."

पहिल्या फेऱ्यांना दाजी जीव मुठीत धरून चालवत होते. डाव्या मोठ्या वळणावर तर गाडी जवळजवळ थांबायचीच. मागची पोरं बाजूने सूं करून जात होती. मास्तरीण पुढे राहून त्यांना दाखवायची, मागे हात करून स्वतःच्या हेल्मेटवर टपल्या मारायची: डोकं वळवा, डोकं. आणि हळूहळू दाजींना यायला लागलं! मी कठड्याला टेकून बघत होतो. ब्रेक, मग मान, मग गाडी आडवी, मग अॅक्सिलेटर हळूच. जाड अंगाचा माणूस, पण सीटवर बसायची सवय जन्माची. बूड बरोबर सरकायचं. दुपारी सुट्टी झाली तेव्हा मास्तरीण सगळ्यांसमोर म्हणाली, "काकांकडे बघा. घाई नाही, काही नाही."

मला खरंच अभिमान वाटला. पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "दाजी, जिंकलंत!"

दाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. जेवणाचा डबा त्यांनी उघडलाच नाही. म्हणाले, "मला जमतंय रे."

"मग? बरंच आहे ना."

"काय बरं आहे? कालचा शिकलेला मी. मला भीती वाटते, तरी मान वळते, हात हलतात. भिंत दिसते, मी बघत नाही. तो तर किती चांगला चालवायचा." बंद डबा बाजूला सारून ते म्हणाले, "त्याला का नाही जमलं मग? त्याला जमवायचंच नव्हतं."

इतका वेळ मी टाळ्या वाजवत होतो, आणि नीट घेतलेल्या प्रत्येक वळणाबरोबर हा माणूस स्वतःच्याच गळ्याला फास आवळत होता. मी म्हणालो, "बास झालं. घरी चला." ते उठले, हेल्मेट घातलं, पट्टा आवळला. म्हणाले, "दुपारचं सगळं चालवणार. चोख चालवणार. राहून गेलं असं नको."

आणि त्यांनी चोखच चालवलं. मी बघत होतो, त्यात खोट नव्हती. वाईट वाटत होतं की खोट नव्हती.

शेवटची फेरी जवळ आली होती. दाजींच्या पुढे लाल गाडीवाला एक पोरगा होता. डाव्या मोठ्या वळणाला तो फार वेगात आला, घाबरून आतच ब्रेक मारला, गाडी उभी झाली आणि थेट खडीत गेली. धुरळा उडाला. पोरगा गडबडून उठून उभा राहिला, त्याला काही झालं नव्हतं. गाडी टायरांच्या भिंतीला टेकून पडली होती, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. धोक्याचा पिवळा झेंडा फडकला. दाजी मागून येत होते, बेताच्या वेगात. वळायला हवी ती सगळी जागा त्यांना होती. मी पाहिलं, त्यांचं हेल्मेट त्या फिरत्या चाकाकडे वळलं आणि तिथेच राहिलं. मी ओरडलो, "दाजी, इकडे बघा!" कुठून ऐकू जाणार? गाडी उभीच्या उभी, सरळ, जराही न डगमगता, डांबर सोडून खडीत शिरली. पोरगा बाजूला उडी मारून वाचला. दाजी हँडलवरून उडाले आणि उजव्या खांद्यावर टायरांत आपटले.

मी धावलो. मला वाटलं, गेले. दाजी उताणे पडले होते, डोळे उघडे, आणि ते रडत होते. वेदनेने नाही. माझ्या हाताला धरून म्हणाले, "जा. खूण बघून ये."

मला कळलंच नाही. "कसली खूण?"

"ब्रेकची. जा ना."

मी मागे जाऊन बघितलं. लाल गाडीचा काळा पट्टा डांबरावर होता, आतून बाहेर गेलेला. दुसरा नव्हता. जिथून दाजी गेले तिथे डांबर स्वच्छ होतं. मी परत येऊन सांगितलं, "नाही."

"नाही ना?" ते म्हणाले. "मला जगायचं होतं रे. त्या क्षणाला मला इतकं जगायचं होतं."

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तिथल्या डॉक्टरने हात छातीशी बांधला आणि आम्हाला सोडलं. टेम्पोत दाजी थांबेचनात. दोन वर्षांचं साठलेलं बोलत होते. म्हणाले, "सगळं दिसतं. भिंत येताना दिसते. खूप वेळ दिसते, संपतच नाही. ओरडायचं असतं, तोंड उघडत नाही. हात आपले नसतातच. असं भय मी जन्मात पाहिलं नाही." मग लगेच म्हणाले, "म्हणजे त्याचंही असंच झालं. माझ्या बोलण्याने नाही." आणि घर जवळ आल्यावर म्हणाले, "आज तिला सांगतो. भांडणाचंही सांगतो. आता सांगता येईल."

ताईने दार उघडलं. आधी मला यथेच्छ शिव्या घातल्या, मग त्यांना खुर्चीत बसवून कोमट पाण्यात टॉवेल बुडवला आणि मानेवरचा धुरळा पुसायला लागली. काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं: वळणावर सरळ गेले, भिंतीवर आपटले. तिचा हात थांबला.

दाजींनी घसा साफ केला. "तुला एक सांगायचं आहे."

"आधी मला एक सांगा," ताई म्हणाली. ती त्यांच्या मागे उभी होती, तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, मला दिसत होता. "तसंच झालं ना, त्याच्यासारखं? मग मला सांगा, कळतं का हो तेव्हा? भीती वाटते का? डॉक्टर म्हणाले होते, लागल्यावर लगेच गेला. पण त्याच्या आधीचं कोण सांगणार? मी कुणाला विचारू? आडवं पडलं की मला तेवढंच दिसतं. तो घाबरला असेल का, मला हाक मारली असेल का."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली.

"काही कळत नाही," ते म्हणाले. "डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालेलं असतं."

"भीती?"

"भीती वाटायला वेळच नसतो. आपण दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असतो. आणि एकदम संपतं."

"खरं सांगताय?"

"आत्ताच तर अनुभवून आलो."

ताई खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. बरं वाटून रडतात तशी. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं होतं?"

आता भांडणाचं सांगायचं तर ती विचारणार, मग तुमच्या बोलण्यावर गेला नाही हे कशावरून? आणि त्याला दाजींकडे एकच उत्तर होतं, भीतीचं.

"काही नाही," ते म्हणाले. "भूक लागलीय."

ताईने ताटं केली. त्या दिवशी तिने दोनदा वाढून घेतलं. मी कितीतरी दिवसांत तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. दाजींचा उजवा हात बांधलेला, डाव्याने जमेना. तेव्हा ती ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि घास भरवायला लागली. ते एकेक घास गिळत राहिले.